'लिहून झाले' असे केव्हा म्हणायचे?

किराणा दुकानात पूर्वी दोन वह्या असत. एक कीर्द आणि दुसरी खतावणी. दिवसभरात जो व्यवहार होईल तो घडेल त्या क्रमाने कीर्दीत उतरवायचा आणि रात्री दुकान बंद झाल्यावर तोच व्यवहार खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. एकच गोष्ट दोनदा लिहिण्याचा हा खटाटोप कशासाठी? कारण साधे आहे. खतावणीत प्रत्येक नोंदीसाठी पान शोधावे लागते. गिऱ्हाईक समोर उभे असताना पाने उलटत बसणे परवडत नाही. कीर्दीत मात्र पुढची रिकामी ओळ समोरच असते. "तुमचे पैसे जमा केले," असे गिऱ्हाइकाला सांगायला ती एक ओळ पुरते. अट एवढीच की ती ओळ शाईने कागदावर लिहिलेली हवी. दुकानदाराने व्यवहार नुसता डोक्यात ठेवला आणि संध्याकाळपर्यंत विसरला, तर 'जमा केले' हे त्याचे बोलणे खोटे ठरते.

संगणकात माहिती साठवणाऱ्या डिस्कांचा इतिहास पाहिला तर त्यात हाच प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो. बँकेच्या खिडकीशी आपण पैसे भरतो, कारकून कळ दाबतो, क्षणभराने पडद्यावर नोंद झाल्याची खूण उमटते. त्या क्षणी आपले पैसे नेमके कोठे लिहिलेले असतात? फिरत्या तबकडीवर, की एखाद्या चिपमध्ये? आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली तर? डिस्क ही संगणकाची खतावणी आहे. पाने भरपूर, पण पान शोधायला वेळ फार. तिच्यापुढे एखादी कीर्द ठेवायची तर ती वेगवान हवी, आणि वीज गेली तरी पुसली न जाणारी हवी. अशा टिकाऊ स्मृतीच्या शोधाची ही हकीकत आहे.

न विसरणाऱ्या कड्या

गंमत अशी की अशी स्मृती संगणकांना सुरुवातीच्या काळात सहज मिळाली होती. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 'व्हर्लविंड' नावाचा संगणक बांधला जात होता. त्याची स्मृती आधी एका प्रकारच्या निर्वात नळ्यांमध्ये, विद्युतभाराच्या ठिपक्यांच्या रूपाने ठेवलेली असे. या नळ्या महाग होत्या आणि वारंवार बिघडत. जे फॉरेस्टर यांनी त्यांच्या जागी फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या मण्यांएवढ्या कड्या तारांच्या जाळीत ओवल्या. तारेतून एका दिशेने प्रवाह सोडला की कडीचे चुंबकत्व एका दिशेने फिरते, उलट प्रवाह सोडला की उलट. एका दिशेला १ म्हणायचे, दुसरीला ०. ऑगस्ट १९५३ मध्ये ही स्मृती व्हर्लविंडला बसवली गेली. चुंबकीय कड्यांच्या स्मृतीवर हार्वर्ड विद्यापीठात अ‍ॅन वँग यांनीही काम केले होते आणि १९४९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता.

या कड्यांचा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा गुण असा की प्रवाह थांबला तरी चुंबकत्व राहते. यंत्र बंद केले, दुसऱ्या दिवशी सुरू केले, तरी कालचे आकडे जागच्या जागी. (वाचताना मात्र कडीतील नोंद पुसली जाई, म्हणून प्रत्येक वाचनानंतर ती पुन्हा लिहावी लागे. हे काम यंत्र आपोआप करी.) मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला, १९६० मध्ये कामाला लागलेला 'टिफ्रॅक' हा संगणकही अशाच स्मृतीवर चाले. तिच्यात प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. गुणाकार केला तर ८१,९२० बिटे होतात. आज एका छोट्या छायाचित्रालाही ती पुरणार नाहीत, पण वीज गेल्यावर ती पुसली जात नसत.

याच सुमारास डिस्कही जन्माला आली. आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या गटाने बनवलेला 'रॅमॅक' हा संच १९५६ मध्ये जाहीर झाला. ६० सेंटिमीटर व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या वेगाने फिरत. माहिती वाचणारा-लिहिणारा बाहू खाली-वर सरकून हवी ती तबकडी गाठे. एवढ्या अवाढव्य यंत्रात ५० लाख अक्षरे मावत आणि हवी ती नोंद गाठायला सरासरी ०.६ सेकंद लागे. फितीवर नोंद शोधण्यासाठी सबंध रीळ उलगडणाऱ्यांना हा वेग अद्‌भुत वाटला असणार.

स्मृतीच्या बाबतीत मात्र पुढच्या दोन दशकांत एक विचित्र देवघेव झाली. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये एका नव्या स्मृतीचे पेटंट मिळाले. तिच्यात प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलेसे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, एवढेच पुरे होते. १९७० मध्ये इंटेल कंपनीने '११०३' ही १०२४ बिटांची स्मृती-चिप बाजारात आणली. कड्या हातांनी ओवाव्या लागत. चिपा छापल्यासारख्या निघत. कड्यांची स्मृती पाहता पाहता मागे पडली. पण धारित्रातला विद्युतभार गळतो. दर काही मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो. फळ्यावरचे अक्षर विरण्याआधी सतत गिरवत राहण्यासारखे हे आहे. गिरवणारा थांबला, म्हणजे वीज गेली, की अक्षर संपले.

स्वस्त आणि वेगवान स्मृतीच्या बदल्यात आपण न विसरणारी स्मृती देऊन टाकली. सौदा वाईट नव्हता. त्याशिवाय आजचे संगणक घडलेच नसते. पण त्याची किंमत पुढे डिस्कवाल्यांना मोजावी लागली.

सव्वा दिवसाची वाट

ही किंमत समजण्यासाठी दोन वेळा शेजारी ठेवून पाहाव्यात. अर्धवाहक स्मृतीतून एक नोंद काढायला ढोबळमानाने १०० नॅनोसेकंद लागतात असे धरू. डिस्कवरची नोंद गाठायला आधी बाहू हलायला हवा आणि मग तबकडीचा नेमका भाग त्याच्याखाली यायला हवा. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, म्हणजे सरासरी अर्धी फेरी धरली तरी चार मिलिसेकंद नुसते वाट पाहण्यात जातात. बाहूचा वेळ धरून दहा मिलिसेकंद म्हणू. गुणोत्तर एक लाखाचे झाले. विद्यार्थ्यांना हा आकडा सांगून काही कळत नाही, म्हणून असे सांगावे: स्मृतीला एक सेकंद लागत असेल, तर डिस्कला जवळजवळ २८ तास लागतात. चिपांचा वेग वर्षागणिक वाढत गेला. तबकडी मात्र लोखंड-अ‍ॅल्युमिनिअमच्या जगातली. ती किती वेगाने फिरवावी याला मर्यादा आहेत.

वाचनापुरता यावर उपाय सोपा होता. नेहमी लागणारी माहिती डिस्कच्या नियंत्रकातच थोड्याशा वेगवान स्मृतीत ठेवून द्यायची. तिला 'कॅश' म्हणतात. आयबीएमने १९८१ मध्ये असा कॅश असलेला नियंत्रक विकायला काढला. या कॅशमधील माहिती वीज जाऊन पुसली गेली तरी बिघडत नाही, कारण मूळ प्रत डिस्कवर आहेच.

लिहिण्याचे तसे नाही. नवी नोंद कॅशमध्ये ठेवून संगणकाला 'लिहून झाले' असे सांगावे, तर त्या घडीला तिची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. म्हणून प्रामाणिक नियंत्रक लिहिण्याच्या वेळी कॅशकडे दुर्लक्ष करी आणि तबकडीवर अक्षर उमटेपर्यंत संगणकाला ताटकळत ठेवी. वेग हवा असेल तर खोटे बोला, खरे बोलायचे असेल तर थांबा, असा हा पेच होता.

आयबीएमच्या १९८७ च्या '३९९० मॉडेल ३' या नियंत्रकाने त्यातून जी वाट काढली तीच पुढे रूढ झाली. नेहमीच्या कॅशखेरीज त्यात बॅटरीचा आधार असलेली थोडी वेगळी स्मृती ठेवलेली होती. आलेली नोंद दोन्हीकडे लिहायची आणि मग लगेच 'झाले' म्हणायचे. कॅश बिघडला तर बॅटरीच्या स्मृतीत प्रत आहे, ती स्मृती बिघडली तर कॅशमध्ये आहे, आणि वीजच गेली तर बॅटरी आहे. तबकडीवर सावकाश, सवडीने उतरवायचे. कीर्द आली.

१९९० मध्ये ईएमसी या कंपनीने आपल्या 'सिमेट्रिक्स' या साठवण-संचात वेगळा विचार केला. त्यांनी नुसती स्मृती नव्हे तर सगळे कपाटच बॅटरीवर ठेवले. वीज गेली की कॅशमधील उरलेल्या नोंदी तबकड्यांवर उतरवून होईपर्यंत कपाट चालू राही आणि मग शांतपणे बंद होई. पहिल्या पद्धतीत थोडी स्मृती पुष्कळ वेळ जागी ठेवायची, दुसरीत सगळे यंत्र थोडाच वेळ. दोन्हींचे वंशज पुढे नांदले.

स्वस्त डिस्कांचा ताफा

याच वर्षांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ हे तिघे एका निराळ्या कल्पनेवर काम करत होते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने 'रेड' हे नाव रूढ केले. मोठ्या संगणकांना लागणारी आयबीएमची '३३८०' ही डिस्क ७५०० मेगाबाइटची होती. वैयक्तिक संगणकासाठी बनवलेली कॉनर कंपनीची साडेतीन इंची डिस्क १०० मेगाबाइटची. एका बलाढ्य डिस्कऐवजी ७५ चिमुकल्या डिस्का का जोडू नयेत? एकाच वेळी ७५ बाहू काम करतील, म्हणजे वेगही वाढेल.

अडचण विश्वासाची होती. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असे धरले, तर १०० डिस्कांच्या ताफ्यात पहिली डिस्क बिघडायला सरासरी ३०० तास लागतील. दोन आठवडेसुद्धा नाहीत! शंभर मुलांच्या वर्गात रोज कोणीतरी गैरहजर असतेच, तसे हे आहे. म्हणून ताफ्यात थोडी जादा जागा ठेवून तिच्यात बाकीच्या डिस्कांचा 'ताळा' लिहायचा. गणितातला ताळा आपल्याला ठाऊक आहे. येथील ताळ्याला तंत्रज्ञ 'पॅरिटी' म्हणतात. (अशा ताळ्यातून बिघडलेल्या डिस्कची माहिती परत मिळवण्याचे पेटंट आयबीएममधील नॉर्मन ओउची यांना १९७८ मध्येच मिळाले होते. बर्कलेच्या तिघांनी या विखुरलेल्या कल्पनांना प्रकार पाडून नावे दिली. नाव देण्यानेही विज्ञान पुढे जाते, हे येथे दिसते.)

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. चार मुलांना पुढे बोलावून पाट्या द्याव्यात. पहिल्या तिघांनी ७, ५ आणि ९ लिहावे. चौथ्याने त्यांची बेरीज, २१. आता दुसऱ्या मुलाला पाटी पुसून जागेवर बसवावे. त्याचा आकडा काय होता? २१ मधून ७ आणि ९ वजा केले की ५ मिळतात. कोणतीही एक पाटी हरवली तरी बाकीच्या तीन पाट्यांवरून ती परत लिहिता येते. प्रत्यक्षात डिस्कांमध्ये बेरीज करत नाहीत. त्या त्या जागेवरच्या बिटांमध्ये १ ची संख्या सम आहे की विषम एवढेच लिहितात. तत्त्व मात्र हेच.

आता दुसऱ्या मुलाला ५ च्या जागी ८ लिहायला सांगावे. ताळा कसा बदलायचा? तिन्ही पाट्या पुन्हा वाचायची गरज नाही. जुना आकडा ५ वाचायचा, जुना ताळा २१ वाचायचा, फरक ३ म्हणून नवा ताळा २४. मग ८ लिहायचे आणि २४ लिहायचे. एक आकडा बदलण्यासाठी दोन वाचने आणि दोन लेखने झाली. डिस्कच्या भाषेत चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरी मघाच्या हिशोबाने २८ तासांची. मोठमोठे लेखन करताना सगळ्या पाट्या एकदमच नव्याने लिहिल्या जातात, तेथे हा भुर्दंड पडत नाही. पण बँका, आरक्षणाच्या खिडक्या, गोदामे येथील लेखन फुटकळ असते. एक खाते इथले, एक तिथले. ताफ्याचा सगळा वेग या फुटकळ लेखनात वाया जाई.

खेळाचा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. दुसऱ्या मुलाने ८ लिहिले आणि ताळा बदलण्याआधी शिक्षकांनी "वीज गेली!" असे म्हणावे. पाट्यांवर ७, ८, ९ आणि ताळा मात्र जुनाच, २१. वीज परत आली. वरवर सर्व ठीक दिसते, कारण ताळा कोणी रोज वाचत नाही. महिन्याभराने पहिल्या मुलाची पाटी फुटली. २१ मधून ८ आणि ९ वजा करा. उत्तर येते ४. खरा आकडा होता ७. ध्यानात घ्यावे, की पहिल्या पाटीला त्या दिवशी कोणी हातही लावला नव्हता! भलत्याच्याच खात्यातले पैसे बदलले, आणि कोणताही इशारा न मिळता. तंत्रज्ञ या दोषाला 'लेखनातले भोक' म्हणतात. हळू चालणारे यंत्र सहन होते. न सांगता चुकीचे उत्तर देणारे यंत्र त्याहून फार वाईट.

थोडीशी स्मृती, मोठे काम

बॅटरीचा आधार असलेली स्मृती ताफ्यापुढे ठेवली की ही दोन्ही दुखणी एकदम हलकी होतात. नोंद त्या स्मृतीत आली की संगणकाला उत्तर मिळाले; चार फेऱ्या मागाहून, संगणकाला न थांबवता. शेजारशेजारच्या नोंदी साठून राहिल्या तर त्या एकत्र लिहिता येतात आणि ताळा एकदाच बदलावा लागतो. एकच नोंद दहादा बदलली तर पहिल्या नऊ तबकडीपर्यंत जातच नाहीत. आणि कोणत्या पट्ट्यातले काम अर्धवट आहे याची टिपण त्याच स्मृतीत असल्यामुळे वीज आल्यावर नियंत्रक प्रथम ते पूर्ण करतो. आपल्या खेळात, "दुसरी पाटी ८ होते आहे, ताळा २४ व्हायचा आहे" अशी चिठ्ठी शिक्षकांच्या खिशात असती, तर भोक पडलेच नसते.

किती स्मृती लागते? बर्कलेच्याच मेरी बेकर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. त्यांनी प्रत्यक्ष वापरातील फाइलींच्या नोंदी तपासून पाहिले, की केवळ अर्ध्या मेगाबाइटची टिकाऊ स्मृती मध्ये ठेवली तर बहुतेक ठिकाणी डिस्कवरच्या फेऱ्या सुमारे २० टक्क्यांनी कमी होतील. सतत व्यवहार चालणाऱ्या एका ठिकाणी तर ९० टक्क्यांनी. माणसे जे लिहितात त्यातले पुष्कळसे थोड्याच वेळात स्वतःच खोडतात किंवा बदलतात, हा त्यामागचा अगदी मानवी मुद्दा.

जाळ्यावरून फाइली पुरवणाऱ्या संगणकांत ही गरज आणखी निकडीची होती. सन कंपनीने १९८० च्या दशकात रूढ केलेल्या एनएफएस या पद्धतीचा नियम कडक होता: माहिती पक्क्या जागी पोचल्याशिवाय 'झाले' असे उत्तर द्यायचे नाही. नियम योग्य, पण त्यामुळे प्रत्येक लहानशा लेखनासाठी तबकडीची वाट पाहणे आले. एनएफएस घडवणाऱ्या गटातीलच काही मंडळींनी लेगॅटो नावाची कंपनी काढली आणि 'प्रेस्टोसर्व्ह' हे बॅटरीयुक्त स्मृतीचे कार्ड बाजारात आणले. संगणकात एक कार्ड बसवायचे, बाकी काही बदलायचे नाही. नियम पाळूनही वेग मिळाला, कारण नियमात 'पक्की जागा' म्हटले होते; 'तबकडी' असे म्हटले नव्हते.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत सुरेख पाऊल यानंतरचे आहे. डेव्हिड हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी १९९२ मध्ये नेटवर्क अप्लायन्स ही कंपनी स्थापन केली आणि १९९४ च्या जानेवारीत आपल्या यंत्राची रचना एका निबंधातून खुली केली. इतर लोक टिकाऊ स्मृतीत डिस्कवर लिहायचे ठोकळे ठेवत. या तिघांनी मागणीच लिहून ठेवली. फरक त्यांच्याच उदाहरणाने कळतो. एक फाइल एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात हलवायची. त्यामुळे दोन्ही कप्प्यांच्या याद्या आणि त्यांची टिपणे बदलतात. रूढ पद्धतीत हे बदललेले ठोकळे ३२ किलोबाइट जागा घेत. पण "अमुक फाइल येथून तेथे हलवा" हे वाक्य लिहून ठेवायला सुमारे १५० बाइट पुरतात. वीज गेली तर वाक्ये पहिल्यापासून वाचायची आणि ती कामे पुन्हा करायची. शब्दशः कीर्द!

त्यासाठी डिस्कवरची रचनाही त्यांनी तशीच केली. जुन्या नोंदीवर कधी गिरवायचे नाही. नवी नोंद मोकळ्या जागी लिहायची, आणि सर्व काही लिहून झाल्यावरच नव्या चित्राकडे बोट वळवायचे. हे साधारण दर दहा सेकंदांनी होई. त्यामुळे डिस्कवर नेहमी एक जुने पण पूर्ण, सुसंगत चित्र असे आणि कीर्दीत त्यानंतरच्या काही सेकंदांचे व्यवहार. स्मृतीचे दोन भाग केलेले असत. एकातील व्यवहार डिस्कवर चढवले जात असताना नवे व्यवहार दुसऱ्यात लिहिले जात. मोकळी जागा निवडण्याची मुभा असल्याने ताफ्यातील पट्टेच्या पट्टे एकदम भरता येत, आणि ताळ्याचा भुर्दंडही वाचे.

बॅटरीचे दुखणे

बॅटरीवर विसंबण्यात अर्थातच बॅटरीची दुखणी पदरी येतात. ती म्हातारी होते. उष्ण खोलीत लवकर होते. ती खरोखर किती वेळ टिकेल हे कळण्यासाठी अनेक नियंत्रक ठराविक काळाने ती पूर्ण उतरवून पुन्हा भरत. तेवढ्या वेळात ते कॅशवर विश्वास ठेवत नसत आणि जुन्या संथ पद्धतीने लिहीत. कोणाच्याही लक्षात न येता यंत्र काही तास अचानक रेंगाळू लागे आणि मग आपोआप बरे होई. कारण न कळल्याने चालक मंडळी भलतीकडेच दोष शोधत बसत. तरीही मी हे नियंत्रकाच्या बाजूने मोजेन. आपली बॅटरी भरवशाची नाही हे ओळखून वेग सोडणे हे प्रामाणिकपणाचेच लक्षण आहे.

पुढे बॅटरीची जागा हळूहळू मोठ्या धारित्रांनी आणि फ्लॅश चिपेने घेतली. फ्लॅश वीज नसतानाही माहिती धरून ठेवते, पण ती लिहायला सावकाश आणि पुनःपुन्हा लिहिल्याने झिजणारी. म्हणून रोजचे लेखन जुन्याच विसराळू स्मृतीत करायचे आणि वीज जाताच धारित्रातल्या विजेवर तिची सबंध प्रत फ्लॅशमध्ये उतरवायची. दिवसेंदिवस स्मृती जागी ठेवण्याची गरजच संपली.

ज्यांच्याकडे महागडा नियंत्रक नाही अशांसाठी लिनक्स या मुक्त प्रणालीत जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या ४.४ या आवृत्तीपासून सोय झाली. फेसबुकच्या अभियंत्यांनी केलेल्या या सोयीत ताफ्यापुढे एक वेगळे वेगवान उपकरण कीर्द म्हणून लावता येते. नोंद आणि ताळा आधी त्यात लिहायचे, मग ताफ्यात. १९८८ पासूनचे भोक घरगुती ताफ्यातही बुजवता येऊ लागले.

पुन्हा एकदा न विसरणारी स्मृती

जुलै २०१५ मध्ये इंटेल आणि मायक्रॉन या कंपन्यांनी मिळून एक नवी स्मृती जाहीर केली. तिच्यात विद्युतभार साठवायचा नव्हता, म्हणून गळतीचा प्रश्न नव्हता. बॅटरी नको, धारित्र नको. एप्रिल २०१९ मध्ये इंटेलने तिच्या पट्ट्या 'ऑप्टेन' या नावाने विकायला काढल्या. एकेक पट्टी १२८ ते ५१२ गिगाबाइटची, नेहमीच्या स्मृतीच्याच खाचेत बसणारी, तिच्यापेक्षा दोन-तीन पट सावकाश पण फ्लॅशपेक्षा कितीतरी चपळ. फेराइटच्या कड्यांनंतर सुमारे अर्धशतकाने संगणकाला पुन्हा न विसरणारी मुख्य स्मृती मिळत होती. साठवणीच्या क्षेत्रातील लोकांना केवढा हुरूप आला असेल याची कल्पना करता येते.

पण येथेही जुना पेच नव्या रूपात उभा राहिला. प्रक्रियक स्मृतीत काही लिहितो तेव्हा ते आधी त्याच्या स्वतःच्या पोटातल्या कॅशमध्ये राहते, आणि तो कॅश विसराळूच. म्हणजे प्रोग्रामला वाटते लिहून झाले, प्रत्यक्षात नोंद वाटेवरच असते. ती पुढे ढकला, असे सांगणाऱ्या खास आज्ञा द्याव्या लागत. शिवाय एकाच वेळी अखंड लिहिले जाण्याची हमी फक्त आठ बाइटांपुरती. त्याहून मोठी नोंद वीज जाताना अर्धी राहू शकते. पाट्यांच्या खेळातले भोक आता डिस्कांच्या ताफ्यातून थेट स्मृतीच्या पट्टीत आले होते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना तेथेही छोटी कीर्द ठेवावी लागली.

ऑप्टेनचा शेवट मात्र तंत्रामुळे झाला असे म्हणता येत नाही. ती पुरेशा संख्येने खपली नाही, म्हणून स्वस्त झाली नाही. स्वस्त झाली नाही म्हणून खपली नाही. मार्च २०२१ मध्ये मायक्रॉनने हे काम सोडले. जुलै २०२२ मध्ये इंटेलनेही ते गुंडाळत असल्याचे जाहीर केले आणि पडून राहिलेल्या मालापोटी सुमारे ५६ कोटी डॉलरचा तोटा हिशोबात धरला. सत्तरच्या दशकात कड्यांना हरवणारी स्वस्त, विसराळू चिप दुसऱ्यांदा जिंकली.

ज्या साठवण-संचांची रचना ऑप्टेनभोवती झाली होती त्यांच्या निर्मात्यांना दुसरी सोय पाहावी लागली. बाकीच्या संचांत धारित्र आणि फ्लॅश यांची जोडी आहेच. वीज जाते, धारित्रातली वीज थोडाच वेळ पुरते, तेवढ्या अवधीत विसराळू चिपेतली कीर्द फ्लॅशमध्ये उतरते. वीज आली की ती परत चिपेत येते, अर्धवट राहिलेले पट्टे शोधून त्यांचे ताळे पूर्ण केले जातात, आणि त्यानंतरच संच पहिले नवे लेखन स्वीकारतो.